श्रीफळ सागराला, ऋण सह्याद्रीचे

श्रावण शुद्ध पौर्णिमा हा आपल्या पंचांगातील एक विलक्षण दिवस होय. या एकाच तिथीस घरोघरी श्रावणीचा विधी होऊन नवे यज्ञोपवीत धारण केले जाते, बहीण भावाच्या मनगटी राखी बांधते आणि पश्चिम किनाऱ्यावरील कोळी बांधव सोनेरी वर्खाने मढविलेले श्रीफळ वाजतगाजत नेऊन सागरास अर्पण करतात. माजघरात नारळीभाताचा दरवळ सुटतो. पावसाळ्यात खवळलेला रत्नाकर आता शांत व्हावा, आपल्या लेकरांच्या नौका त्याने सुखरूप वाहाव्यात, एवढीच या पूजेमागील प्रार्थना असते.

ही पूजा किनाऱ्यावर होते. परंतु तिचा संबंध केवळ किनाऱ्यापुरता आहे काय? ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, आसनगाव आणि खर्डी यांच्या दरम्यान आटगाव नावाचे एक लहानसे स्थानक आहे. मुंबईपासून ते लोहमार्गाने सुमारे ९५ किलोमीटरवर. तेथून माहुलीचे सुळके दिसतात, भाताची खाचरे दिसतात, सागाची राने दिसतात. समुद्र मात्र कोठेही दिसत नाही. तरीही ज्या मुंबई बंदराने इंग्रजी अमदानीत अर्ध्या जगाशी व्यापार केला, त्या बंदराचा इतिहास या गावाला वगळून सांगताच येत नाही. नारळी पौर्णिमेच्या निमित्ताने तोच इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

मंथनाची रवी पर्वताचीच

देवदानवांनी क्षीरसागर घुसळला, तेव्हा रवी म्हणून मंदार पर्वत वापरला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सागराच्या पोटातील रत्ने वर यावयाची तर पर्वताचे साहाय्य लागतेच, असा तिचा एक अर्थ लावता येईल. आपल्या उत्तर कोकणाच्या बाबतीत तर तो अक्षरशः खरा ठरला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या वर्णनात सोपारा आणि कल्याण या बंदरांचा उल्लेख येतो. कल्याणच्या खाडीत परदेशी गलबते नांगरत. तेथील माल मुरबाडच्या वाटेने नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला जाई. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आजही आहे. त्यात यज्ञांचा आणि दानांचा तपशील कोरलेला आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण असून त्यात जकात गोळा होई, असे परंपरा सांगते. समुद्रावर मिळविलेले धन घाटाच्या वाटेने धर्मकार्यापर्यंत पोहोचत असे, याची ही दोन हजार वर्षांपूर्वीची साक्ष.

१६५७ साली शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली आणि याच खाडीच्या आश्रयाने मराठी आरमाराची पहिली जहाजे आकारास येऊ लागली. या खाडीस मिळणारी भातसा नदी शहापूरच्या डोंगरांतून उतरते. आटगावच्या एका अंगास हे भातसेचे खोरे आणि दुसऱ्या अंगास तानसेचे. भातसा काळू नदीसह उल्हासला भेटते; तानसा वज्रेश्वरी मातेच्या चरणांजवळून वाहत वैतरणेच्या खाडीकडे जाते. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी ज्या देवीस नवस बोलला, तीच ही वज्रेश्वरी. अशा रीतीने येथील पावसाचा थेंब देवस्थानांना वंदन करीतच सागराला मिळत असे. सागरास आपले पूर्वज ‘सरित्पती’ म्हणत, ते उगीच नव्हे.

सात बेटांचे बंदर

कल्याणची खाडी गाळाने उथळ होत गेली, जहाजांचे आकार मात्र वाढत गेले. तेव्हा व्यापाराने खोल पाण्याचा आसरा शोधला आणि तो मुंबईस सापडला. पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे विवाहाच्या आंदणातून आलेली ही बेटे १६६८ साली त्याने ईस्ट इंडिया कंपनीस वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या खंडाने देऊन टाकली. मुंबादेवीच्या भक्त कोळ्यांची ही वस्ती होती.

१७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार मुंबईच्या गोदीत आला आणि पुढील शंभर-सव्वाशे वर्षे त्याच्या घराण्याने येथे सागवानी जहाजे बांधली. हे लाकूड मुख्यतः मलबारातून येई, तसेच उत्तर कोकणातील जंगलांतूनही येई. ओक लाकडाची विलायती जहाजे कुजून जात, परंतु सागाची जहाजे पिढ्यान्‌पिढ्या टिकत. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरविलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. आपल्या रानातील वृक्षाचे हे केवढे सामर्थ्य!

त्या काळी बंदरात नाना जातींची जहाजे दिसत. कोकणचे मचवे, पडाव आणि शिबाडे, मलबारच्या फत्तेमाऱ्या, कच्छच्या कोटिया, अरबांचे बगले आणि त्यांच्या मध्ये उंच डोलकाठ्यांची विलायती जहाजे. मलबारातून नारळ, काथ्या आणि इमारती लाकूड येई, अरबस्तानातून घोडे आणि खजूर, झांजिबारहून हस्तिदंत आणि लवंग, चीनमधून रेशीम. १८४० च्या सुमारास लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या पाठारे प्रभू गृहस्थाने समुद्र हटवून धक्का बांधला. लोक त्यांना ‘भाऊ’ म्हणत. ‘भाऊचा धक्का’ हे नाव आजही प्रत्येक कोकणवासीयाच्या ओठी आहे. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, तेव्हा या बंदराच्या वैभवाने मराठी माणूस किती थक्क झाला होता, हे त्या ग्रंथावरून कळते.

ज्येष्ठात पाऊस कोसळू लागला की शिडांची ही वाहतूक थांबत असे. गलबते किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारली जात. तांडेल आणि खलाशी शेतीच्या कामास घरी परतत. नारळी पौर्णिमेस श्रीफळ अर्पण झाले म्हणजे नवे व्यापारी वर्ष सुरू झाले, अशीच सर्वांची समजूत असे. हिंदू सावकार, नाखवे आणि अडते त्या दिवशी किनाऱ्यावर जमत. म्हणजे हा सण केवळ मच्छिमारांचा नव्हता. साऱ्या बंदराचा तो मुहूर्त होता.

बैलाच्या पाठीवरून बोरीबंदरापर्यंत

बंदराला जहाजे हवीत, तसा जहाजांना माल हवा. हा माल डोंगरापलीकडे होता. वऱ्हाड-खानदेशचा कापूस वंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून, थळघाट उतरून येई. आज ज्यास आपण कसारा घाट म्हणतो तोच हा थळघाट. पुढे मुंबई-आग्रा रस्ता झाला आणि बैलगाड्यांची रांग खर्डी, आटगाव, शहापूर अशी कूच करीत किनाऱ्याकडे येऊ लागली. वाटेत धूळ, चिखल आणि अवकाळी पाऊस. कापसाच्या गासड्या बंदरावर पोहोचेपर्यंत मळून जात, कित्येकदा भिजून नासत. म्हणूनच विलायतेतील गिरणीमालकांनी रेल्वेचा आग्रह धरला.

१६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी ठाण्यास निघाली ती बोरीबंदराहून. स्थानकाच्या नावातच बंदर होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १८५४ साली ती कल्याणला, १८५५ साली वासिंदला, १८६० साली आसनगावला आणि १८६१ च्या आरंभी आटगावावरून कसाऱ्यास पोहोचली. पुढे सह्याद्रीची भिंत उभी होती. दर ३७ फुटांना एक फूट असा तेथील चढ. बोगदे खोदीत आणि दऱ्यांवर पूल उभारीत इगतपुरी गाठावयास १ जानेवारी १८६५ उजाडला. पटकी, ताप आणि अपघात यांनी या घाटांच्या कामांत असंख्य मजुरांचे बळी घेतले. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. नारळी पौर्णिमेस सागराला अर्घ्य देताना या अनाम श्रमिकांच्या नावाने एक ओंजळ सोडली, तर ते अनुचित होणार नाही.

रूळ कसाऱ्यास लागले त्याच वर्षी, १८६१ च्या एप्रिलमध्ये, दूर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापसाची निर्यात तुंबली आणि विलायतेतील गिरण्या मुंबईकडे डोळे लावून बसल्या. कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत बँका आणि कंपन्या यांचे पीक आले. समुद्र हटविण्याच्या नुसत्या कल्पनेवर शेअरांचे भाव आकाशास भिडले. १८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर गेली होती. पण १८६५ च्या एप्रिलमध्ये ते युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. नामांकित पेढ्या बुडाल्या. १८७२ च्या जनगणनेत वस्ती साडेसहा लाखांच्याही खाली आलेली दिसते. लक्ष्मी चंचला आहे, हे आपण पोथीत वाचतो. मुंबई बंदराने ते चार वर्षांत प्रत्यक्ष पाहिले. घाट ओलांडून आगगाडी इगतपुरीस पोहोचली ती नेमकी या तेजीच्या शेवटच्या महिन्यांत.

तथापि लोहमार्ग टिकला, आणि १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणारा विलायतेचा प्रवास काही आठवड्यांवर आला. शिडांचे युग मावळून वाफेचे युग आले. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ साली ससून डॉक, १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक अशा गोद्या क्रमाने उघडल्या. पाऊस असो वा वादळ, मोठ्या आगबोटींची ये-जा आता बारमाही झाली. घाट उतरून आटगावावरून धडधडत जाणाऱ्या मालगाड्यांतील कापूस, गळिताची धान्ये आणि गहू थेट या गोद्यांच्या दिशेने जात.

रत्ने आणि हलाहल

मंथनातून लक्ष्मी आली, तसे हलाहलही आले. बंदराच्या इतिहासाची ही बाजू झाकून ठेवणे सत्यास धरून होणार नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्यातून मुंबईस येणाऱ्या मालात अफूही होती. ती चीनला जाई आणि तेथील संसार उद्ध्वस्त करी. मुंबईतील कित्येक मोठ्या देणग्यांच्या आणि धर्मादायांच्या मुळाशी हा पैसा होता.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये गोदीलगतच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा, म्हणजे प्लेगचा रोगी ओळखला. हा रोग समुद्रमार्गेच आला, असे मानले जाते. शहरातून लाखो लोक रेल्वेने आणि पायी गावोगाव पांगले. परदेशी बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर निर्बंध घातले.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि त्यांच्यासोबत सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. दोन प्रचंड स्फोटांत आठशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आग विझविण्यास धावलेले ६६ अग्निशामक जवान त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मंथनातील विष कंठी धारण करणारा नीलकंठ कोण, हे सांगावयास या जवानांचे उदाहरण पुरेसे आहे.

आणि १७ जुलै १९४७ चा दिवस तर कोकणातील घराघरांत आजही विसरला गेलेला नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटांत कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी गेले. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती. नारळी पौर्णिमेस अद्याप सुमारे दीड महिना अवकाश होता. पूर्वजांनी पावसाळ्यात समुद्रावर जाण्यास जी मर्यादा घातली होती, तिच्यामागे किती पिढ्यांचा अनुभव होता, हे अशा प्रसंगी कळते. आज शासनही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी घालते. रूढी आणि नियम येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

परकीयांच्या ताब्यातील या समुद्रावर स्वदेशी निशाण फडकविण्याचा उद्योगही याच बंदरातून झाला. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. वालचंद हिराचंद हे तिच्या संस्थापकांपैकी एक. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा करतो.

खाऱ्या पाण्याला गोड्या पाण्याचा आधार

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. बंदर खाऱ्या पाण्यावर उभे असते, पण जगते ते गोड्या पाण्यावर. आगबोटीच्या बाष्पकाला गोडे पाणी लागते, खलाशांना लागते, गोदीतील हमालांना लागते, आणि बंदराच्या आश्रयाने वाढलेल्या नगरीला तर अहोरात्र लागते. विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. तरी तहान भागेना. अखेर अभियंत्यांची दृष्टी शहापूरच्या डोंगरांकडे वळली. तानसा नदीवर सुमारे २,८०० मीटर लांबीचे दगडी धरण बांधण्यात आले आणि १८९२ साली तानसेचे पाणी नळांतून मुंबईस पोहोचले. या तानसा तलावास जाण्यासाठी प्रवासी उतरत ते आटगाव स्थानकावर.

कापूस घाटापलीकडून येई, आटगावाने त्यास केवळ वाट दिली. पाणी मात्र या भूमीचे स्वतःचे होते. पुढे १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला, नंतर भातसा धरण झाले. आज मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग याच परिसरातून जातो.

आणि येथेच अंतःकरणास बोचणारी गोष्ट आहे. ज्या तालुक्याच्या पावसाने जगद्विख्यात बंदर पोसले, त्याच तालुक्यातील कित्येक आदिवासी पाड्यांना आजही वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या भिंतीपासून काही कोसांवर स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याच्या शोधात डोंगर उतरतात. जलवाहिनी शेजारून जाते; घागर रिकामी राहते. इगतपुरीच्या भावली धरणातून या गावांना पाणी आणण्याची योजना आखली गेली आहे. प्रत्येक पाड्यातील घागर भरेल, तेव्हाच ती पूर्ण झाली असे म्हणता येईल.

आपल्या धर्मात देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले आहे. ऋण मान्य करणे ही धर्माची पहिली पायरी, आणि ते फेडणे ही दुसरी. बंदराने सागराचे ऋण श्रीफळ अर्पून मान्य केले. सह्याद्रीचे ऋण मात्र त्याने कधी मान्यच केले नाही, मग फेडण्याची गोष्ट तर दूरच.

मुहूर्त नव्या बंदरांचा

काळ पुढे गेला आहे. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मालवाहू पेट्यांची वाहतूक तिकडे गेली. पोर्ट ट्रस्टचे आता मुंबई बंदर प्राधिकरण झाले आहे. डहाणूनजीक वाढवण येथे नव्या महाबंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा शहापूरच्या डोंगरांतून खुला झाला. वंजाऱ्यांचा तांडा गेला, वाफेचे इंजिन गेले. पण माल घाट उतरूनच सागराकडे जातो आणि आटगावची भूमी त्यास पूर्वीप्रमाणेच वाट देते.

म्हणूनच नव्या बंदरांचे हिशेब मांडताना जुन्या बंदराची चूक पुन्हा होऊ नये. धक्का बांधताना कोळ्याच्या होडीला जागा राहावी. रस्ता काढताना शेतकऱ्याच्या खाचराचे मोल ओळखले जावे. नळ टाकताना वाटेवरील पाड्याची तहान आधी भागावी. समुद्रपूजेचा खरा अर्थ याहून निराळा नाही.

यंदा नारळी पौर्णिमेस किनाऱ्यावर श्रीफळ अर्पण करताना, अथवा घरी नारळीभाताचा नैवेद्य दाखविताना, पूजेतील पाण्याच्या कलशाकडे क्षणभर पाहावे. मुंबईकराच्या कलशातील ते पाणी बहुधा तानसेचे किंवा भातसेचे असेल. आटगावच्या डोंगरावर पडलेला तोच पाऊस. ते एक थेंबही वाया न घालविण्याचा आणि ज्यांच्या अंगणातून ते आले त्यांच्या घागरीची आठवण ठेवण्याचा संकल्प त्याच कलशावर हात ठेवून सोडावा. श्रीफळ सागराने स्वीकारलेलेच आहे. हा संकल्प सह्याद्रीच्या चरणी रुजू होवो.